फुप्फुसं हवा ओढत नाहीत

खोल श्वास घ्यायला सांगितलं की आपण छाती फुगवतो आणि समजतो, फुप्फुसांनी हवा ओढून घेतली. खरं तर फुप्फुसांना ओढताही येत नाही आणि ढकलताही येत नाही. हात उचलणारे, पाय हलवणारे असतात तसे स्नायू त्यांच्यात नाहीतच. (आतल्या बारीक नळ्यांच्या भिंतींत थोडे असतात, पण ते नळी अरुंद-रुंद करण्यापुरते. दम्याच्या वेळी त्यांची गाठ पडेलच.) शरीराबाहेर काढलेलं हृदय थोडा वेळ आपलं आपण धडधडत राहू शकतं, फुप्फुस एकदाही श्वास घेणार नाही. त्याची स्वतःची ओढ एकच: आक्रसून लहान होण्याची.

मग हवा आत येते कशी? छाती आणि पोट यांच्या मध्ये श्वासपटल नावाचा पातळ, घुमटासारखा स्नायू आडवा पसरलेला असतो. तो आकुंचन पावला की घुमट खाली बसतो. शांत श्वासात हा खाली येण्याचा पल्ला जेमतेम एक-दीड सेंटिमीटर. पूर्ण जोर लावून घेतलेल्या श्वासात तो १० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. त्याच वेळी बरगड्यांमधले स्नायू बरगड्यांना वर आणि बाहेर उचलतात. छातीतली जागा वाढते. जागा वाढली आणि आतली हवा तेवढीच राहिली, तर तिचा दाब उतरतो. हा रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला नियम. आता बाहेर दाब जास्त, आत कमी, म्हणून बाहेरची हवा नाकातोंडावाटे आत शिरते. तिला आत लोटण्याचं काम वातावरण करतं.

हा दाबातला फरक किती असावा? शांत श्वासात तो वातावरणाच्या दाबाच्या साधारण एक हजारांश असतो. एवढ्याशा फरकावर अर्धा लिटर हवा आत येते, ती फुप्फुसं अत्यंत लवचीक असतात म्हणून. श्वास सोडताना तर आपण काहीच करत नाही. श्वासपटल सैल पडतं, ताणलेली फुप्फुसं आपल्या स्वभावाप्रमाणे आक्रसतात आणि हवा बाहेर जाते. फुंकर घालायची असेल, खोकायचं असेल, वरची पट्टी लावायची असेल, तेव्हाच पोटाचे स्नायू मदतीला येतात.

श्वासपटलाला हुकूम पोचवणाऱ्या नसा निघतात मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांच्या पातळीवर. इतक्या खालच्या स्नायूची नस इतक्या वरून का? कारण गर्भात श्वासपटलाची घडण मानेच्या भागात सुरू होते आणि ते नंतर खाली सरकतं, आपली नस बरोबर घेऊन. याचे दोन परिणाम दवाखान्यात दिसतात. मानेला या पातळीच्या वर गंभीर इजा झाली तर श्वास थांबतो. आणि श्वासपटलाला खालून काही टोचत असेल, समजा पोटात रक्तस्राव झाला असेल, तर रुग्ण दुखतंय म्हणून चक्क खांद्याचं टोक दाखवतो.

छाती फुगली तर फुप्फुसंही का फुगावीत?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण तो महत्त्वाचा आहे. फुप्फुसं बरगड्यांना कुठेही शिवलेली नाहीत. मुळाशी, जिथून नळ्या आणि रक्तवाहिन्या आत शिरतात तिथली जोडणी सोडली, तर ती छातीत जवळजवळ मोकळी असतात. शिवाय त्यांना सतत आक्रसायचं असतं, आणि बरगड्यांच्या पिंजऱ्याचा कल बाहेर उमलण्याकडे असतो. दोघांना एकत्र धरून ठेवणारं आवरण म्हणजे प्लूरा. त्याचा एक पदर फुप्फुसाला चिकटलेला, दुसरा छातीच्या भिंतीला, आणि मध्ये काही मिलिलिटर द्रवाचा पातळसा थर. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर सहज सरकतात, पण उचकटून वेगळ्या करायला गेलं तर सुटत नाहीत, अगदी तसंच. फुप्फुस छातीवर घसरू शकतं, पण तिच्यापासून सुटू शकत नाही. या ओढाताणीमुळे त्या फटीत कायम बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो.

त्या फटीत हवा शिरली की ही पकड सुटते. बरगडी मोडून टोचली, छातीत काही घुसलं किंवा फुप्फुसाच्या पृष्ठभागावरचा एखादा कमकुवत फोड आपोआप फुटला, की त्या बाजूचं फुप्फुस मिटतं. उंच, सडपातळ तरुणांमध्ये कसलाही मार न लागता असं होताना दिसतं: अचानक छातीत एका बाजूला कळ आणि धाप. सुदैवाने दोन्ही फुप्फुसांची आवरणं वेगवेगळी असतात, त्यामुळे एक फुप्फुस मिटलं तरी दुसरं काम चालू ठेवतं. उपाय म्हणजे बरगड्यांमधून नळी घालून ती हवा काढून घेणं. फुप्फुसावर थेट काहीच करावं लागत नाही. फटीतला दाब उतरला की ते परत उलगडतं.

श्वास बाहेरून घडवून आणता येतो हे लक्षात घेऊन १९२८ साली बोस्टनमध्ये फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी ‘लोखंडी फुप्फुस’ तयार केलं. पोलिओने श्वसनाचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णाला एका पेटीत झोपवायचं, डोकं तेवढं बाहेर. पेटीतला दाब कमी केला की छाती फुगायची आणि हवा आपोआप आत जायची. निसर्गाची रीत यंत्राने जशीच्या तशी उचलली होती. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली तेव्हा अशा पेट्या पुरेनात. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालायला आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलायला सुचवलं. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, आठवडेच्या आठवडे, अक्षरशः हाताने रुग्णांचा श्वास चालवला. आजचा अतिदक्षता विभाग तिथून सुरू झाला असं मानतात. आजचे व्हेंटिलेटरही हवा ढकलतात, आणि निसर्गाच्या उलट रीतीने काम करत असल्यामुळेच त्यांचा दाब जपून ठरवावा लागतो. जास्त झाला तर नाजूक भिंतींना इजा होते.

आत गेलेली सगळी हवा कामाची नसते

श्वासनलिका १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. ती मिटू नये म्हणून कूर्चेच्या अर्धगोल कड्यांनी तिला आधार दिलेला असतो. ही कडी मागच्या बाजूला उघडी असतात, कारण मागेच अन्ननलिका आहे आणि घास उतरताना तिला फुगायला जागा लागते. हवेचा आणि अन्नाचा रस्ता घशात एकमेकांना छेदतो, ही मानवी शरीराची मला न पटलेली रचना आहे. गिळताना स्वरयंत्रावर झाकण पडतं म्हणून निभावतं. हसता हसता खाल्लं की ठसका लागतो.

खाली श्वासनलिका दुभंगते. उजवा फाटा जास्त रुंद, आखूड आणि सरळ उतरणारा असतो. लहान मुलाने गिळलेला मणी चुकून या वाटेला गेला तर तो बहुतेकदा उजवीकडे सापडतो, हे डॉक्टरांना पाठच असतं. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. डावीकडची जागा हृदयाने घेतलेली असते.

पुढे प्रत्येक नळीला दोन फाटे, त्यांना पुन्हा दोन, असं साधारण २३ वेळा होतं. यातल्या पहिल्या १६ पिढ्यांमध्ये ऑक्सिजनची देवघेव मुळीच होत नाही. त्या नुसत्या वाटा आहेत. हवा कोमट करणं, ओली करणं, धूळ अडवणं एवढंच त्यांचं काम. नाक-घशापासून या वाटांमध्ये मिळून सुमारे १५० मिलिलिटर हवा मावते आणि ती प्रत्येक श्वासात वाया जाते. शांत श्वासात ५०० मिलिलिटर हवा आत घेतली, तर खरोखर कामी येते ती ३५०.

हा हिशेब थोडा पुढे नेऊन बघा. मिनिटाला १२ वेळा, ५०० मिलिलिटरचे श्वास घेतले तर एकूण ६ लिटर हवा आत जाते आणि ४.२ लिटर कामी येते. आता घाबरलेला किंवा छातीत दुखत असलेला माणूस घ्या. तो मिनिटाला ३० वेळा पण २०० मिलिलिटरचे उथळ श्वास घेतो. एकूण हवा तेवढीच, ६ लिटर. पण प्रत्येक श्वासातले १५० वाटेतच अडकले, उरले ५०. मिनिटाला कामी आली फक्त दीड लिटर. भरभर श्वास घेणारा माणूस भरपूर हवा घेतोय असं पाहणाऱ्याला वाटतं, पण खोली नसेल तर तो नळ्यांमधली तीच हवा मागेपुढे करत असतो. ऑपरेशननंतर टाके दुखत असले तरी खोल श्वास घ्या, असा परिचारिका आग्रह धरतात, त्यामागे हेही गणित आहे.

आणखी एक गंमत. फाटे फुटत जातात तशा नळ्या बारीक होतात, पण त्यांची संख्या इतकी वाढते की सगळ्यांचं एकत्रित क्षेत्रफळ प्रचंड होतं. त्यामुळे आत जाता जाता हवेचा वेग कमी कमी होत जातो आणि शेवटच्या टप्प्यात ती जवळजवळ थांबते. तिथून पुढे ऑक्सिजनचे रेणू जास्त असलेल्या जागेकडून कमी असलेल्या जागेकडे आपसूक पसरत जातात. श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत दोन-अडीच लिटर हवा शिल्लक असते; नवी हवा त्या साठ्यात मिसळते. म्हणून दोन श्वासांच्या मधल्या काळात रक्तातला ऑक्सिजन वरखाली होत नाही.

वायुकोश

नळ्यांच्या टोकांना वायुकोश असतात. एकेकाचा व्यास साधारण ०.२ मिलिमीटर, आणि दोन्ही फुप्फुसांत मिळून त्यांची संख्या सरासरी ४८ कोटींच्या घरात. माणसागणिक ती बरीच कमीजास्त असते. त्यांच्या भिंती पसरल्या तर साधारण ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट क्षेत्र भरेल. आपल्या सगळ्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्या माणसात दोन चौरस मीटरच्या आसपास असतं, त्यावरून कल्पना यावी. भिंतीपलीकडे लगेच केशवाहिन्यांचं दाट जाळं. हवा आणि रक्त यांच्यातला पडदा बऱ्याच ठिकाणी अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. मार्चेल्लो माल्पिगीने १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून हे कोश आणि केशवाहिन्या पाहिल्या, तोवर फुप्फुस म्हणजे मांसाचा स्पंजी गोळा अशीच समजूत होती.

इथे एक अडचण होती, आणि तिचा उलगडा व्हायला विसावं शतक उजाडलं. वायुकोश आतून ओले असतात. पाण्याच्या पृष्ठभागाला आकसण्याची ओढ असते, आणि पोकळी जितकी लहान तितका ही ओढ मिटवू पाहणारा दाब जास्त. या हिशेबाने आपले लहान वायुकोश प्रत्येक श्वासाच्या शेवटी मिटून जायला हवेत. १९२९ साली कुर्ट फोन नीरगार्ड यांनी फुप्फुसं हवेने आणि मग द्रवाने फुगवून पाहिली. द्रवाने फुगवायला बराच कमी दाब लागला. म्हणजे फुप्फुसांची आक्रसण्याची ओढ बरीचशी या ओल्या पृष्ठभागामुळेच होती. पुढे कळलं की वायुकोशांच्या भिंतीतल्या काही पेशी सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ पाझरतात, जो पाण्याचा हा ताण उतरवतो.

हा पदार्थ गर्भात उशिरा, पुरेशा प्रमाणात तर ३४-३५ आठवड्यांच्या सुमारास तयार होतो. १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिलं की अपुऱ्या दिवसांची बाळं श्वास न पुरून जातात, ती याच्या अभावामुळे. प्रत्येक श्वासानंतर त्यांची फुप्फुसं मिटतात आणि पुढचा श्वास पहिल्याइतकाच अवघड असतो. बाळ काही तासांत दमून जातं. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ऑगस्ट १९६३ मध्ये याच आजाराने दोन दिवसांचाही न होता गेला. तेव्हा त्यावर इलाज नव्हता. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की अकाली प्रसूतीची शक्यता असताना आईला स्टेरॉइड दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. १९८० साली जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी बाहेरून सर्फॅक्टंट देऊन बाळं वाचवली. आज हे दोन्ही उपचार नवजात शिशू विभागात नेहमीचे आहेत.

सर्फॅक्टंट असूनही काही कोश मिटतातच. त्यासाठी आपण नकळत, साधारण दर पाच मिनिटांनी, एक दुप्पट खोल श्वास घेतो. सुस्कारा. त्याचा दुःखाशी संबंध असलाच तर क्वचित.

प्रत्यक्ष देवघेव मात्र अगदी साधी आहे. रक्तात ऑक्सिजन कमी, कोशात जास्त, म्हणून तो रक्तात जातो. कार्बन डायऑक्साइड रक्तात जास्त, म्हणून तो कोशात येतो. तांबडी पेशी केशवाहिनीतून पाऊण सेकंदात निघून जाते, आणि तिचं हिमोग्लोबिन भरायला पाव सेकंद पुरतो. ही उरलेली सवड जोरात धावताना, रक्त वेगाने वाहत असताना उपयोगी पडते. आत घेतलेल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि सोडलेल्या हवेत सुमारे १६ टक्के. म्हणजे आपण त्यातला बराचसा परतच करतो. तोंडाने कृत्रिम श्वास देता येतो तो यामुळेच.

एका बाबतीत मात्र फुप्फुस स्वतःची थोडी अक्कल चालवतं. शरीरात इतरत्र ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसात उलट: ज्या भागात हवा पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त हवेशीर भागाकडे वळवतात. हवा नाही तिथे रक्त पाठवून करायचं काय?

दम कोंडतो तो कशाने

श्वास रोखून धरलात की थोड्याच वेळात जीव घुसमटू लागतो. ऑक्सिजन संपत आला असं आपल्याला वाटतं. वास्तविक त्या क्षणी रक्तात तो पुरेसा असतो. वाढलेला असतो कार्बन डायऑक्साइड. जे. एस. हाल्डेन आणि जे. जी. प्रीस्टली यांनी १९०५ साली दाखवून दिलं की श्वसनाची रोजची लगाम या वायूच्या हातात आहे. तो किंचित वाढला की रक्ताची आम्लता वाढते, मेंदूच्या बुंध्यातल्या पेशींना ते लगेच कळतं आणि श्वास खोल होतो. ऑक्सिजनवर नजर ठेवणारी केंद्रंही आहेत, मानेतल्या मोठ्या धमन्यांपाशी. त्यासंबंधीच्या संशोधनाबद्दल कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. पण ती खडबडून जागी होतात ती ऑक्सिजन बराच घसरल्यावर.

पोहणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यायला हवं. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावं म्हणून काही जण आधी जोरजोरात भराभर श्वास घेतात. त्याने रक्तात ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ भरलेलं असतं. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. परिणामी गुदमरण्याची सूचना उशिरा येते, आणि ती येण्याआधीच ऑक्सिजन संपून शुद्ध हरपते. पाण्याखाली, कसलीही धडपड न करता. चांगले पोहणारे यात दगावले आहेत. हा प्रकार करू नये, आणि कुणी करताना दिसला तर थांबवावं.

बिघाड होतो तेव्हा

फुप्फुस निष्क्रिय आहे हे कळलं की त्याचे बरेचसे आजारही कळतात. दम्यात बारीक नळ्यांच्या भिंतींतले ते स्नायू आवळतात, अस्तर सुजतं, कफ साठतो. श्वास घेताना छाती फुगते तशा नळ्याही थोड्या ताणून उघडतात. सोडताना त्या आणखी मिटतात. म्हणून शीळ ऐकू येते ती मुख्यतः श्वास सोडताना, आणि रुग्ण हवा आत येत नाही म्हणत असला तरी खरी अडचण ती बाहेर जात नाही ही असते.

एम्फिसीमामध्ये वायुकोशांमधल्या भिंतीच नष्ट होतात. धूम्रपान हे त्याचं सर्वांत मोठं कारण. अनेक लहान कोशांचा मिळून एक मोठा पोकळ कोश होतो. देवघेवीचं क्षेत्रफळ घटतं, आणि त्याबरोबर आक्रसण्याची ती जुनी ओढही जाते. श्वास सोडणं आता फुकटात होत नाही. जुनी हवा आत अडकून छाती पिंपासारखी फुगलेली राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. नष्ट झालेल्या भिंती औषधाने परत येत नाहीत. स्पायरोमेट्री तपासणीत पूर्ण श्वास भरून जोरात फुंकायला सांगतात ते यासाठी: निरोगी तरुण माणूस पहिल्या सेकंदात सुमारे ८० टक्के हवा बाहेर टाकतो, अडथळा असलेल्याला ते जमत नाही.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आता बऱ्याच लोकांच्या परिचयाचा झाला आहे. त्यामागचं तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधलं. हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलंय एवढंच तो सांगतो. निरोगी माणसात हा आकडा सहसा ९५ च्या वर असतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय की साठतोय, हे त्याला कळत नाही. एम्फिसीमासारख्या जुनाट आजाराच्या रुग्णाला सढळ हाताने ऑक्सिजन लावला तर पडद्यावर ९८ दिसू शकतं आणि त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड साठून तो गुंगीत जात असतो. म्हणून अशा रुग्णांना डॉक्टर ऑक्सिजन बेतानेच देतात, बहुतेकदा आकडा ८८ ते ९२ च्या मध्ये राहील इतका, आणि रुग्ण झोपाळू वाटला तर मनगटाच्या धमनीतून रक्त काढून दोन्ही वायू मोजून घेतात.